रंगीत तालीम

फेब्रुवारीत तालीम झाली तेव्हा
माणसं कमी पडली, म्हणून रेकॉर्ड रूममधून मला बोलावलं.
नर्सिंगच्या पोरींनी कोकमाचं आगळ कपाळाला फासून
हौसेनं विव्हळून घेतलं.
मला मरणारीचं काम. मेलेली नव्हे, डॉक्टर फ्रेडा म्हणाल्या,
श्वास आहे, पण तुमच्यावर वेळ घालवायचा नाही.
मनगटाला काळी पट्टी,
तिच्यावर माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं:
शालन वेर्लेकर, वय ४६.

मागच्या व्हरांड्यात चाळीस मिनिटं आडवी होते.
ओठावर माशी.
पावलं येत, थांबत, पट्टी बघत,
जात.
नियम बरोबर होता. मीच टाइप केला होता.
तरी कुणीतरी ती माशी हाकलावी
असं चाळीस मिनिटं वाटत राहिलं.
मग चहा, भाजी-पाव, हसणं.
पट्ट्या रबरानं पुसून परत कपाटात. सरकारी माल.

एप्रिलचा रविवार. कापणी झालेल्या शेतात फायनल,
पोफळीच्या खांबांची गॅलरी.
दुसऱ्या गोलाला सगळं गाव उठलं
आणि गॅलरी बसली.

पाच पंचवीसला फोन. आम्ही कुडचड्याचे, तीस खाटांचे.
ताप उतरलेले, टाके सुकलेले, उद्या घरी जायचे
ते आत्ताच उठले.
एक म्हातारी स्वतःची चादर घडी करून म्हणाली,
हांव बांकार बसतां.
गाद्या जमिनीवर. रक्ताच्या पिशव्यांसाठी मडगावला गाडी.
शवागारातला गेलेला बल्ब कुणीतरी बदलला,
त्यावर कुणी बोललं नाही.
कपाटाची चावी कुडतरकरांकडे,
कुडतरकर कारवारला लग्नात.
खुशाली वेळीपनं सिलिंडरच्या पान्यानं कुलूप उडवलं.
यादीतल्या चौदा नंबरांतले तीन लागेनात,
एकावर सर्जनची बायको म्हणाली, त्यांचं तर वर्षश्राद्धही झालं.

चालत येतात ते आधी येतात.
ओरडतात त्यांना थांबता येतं.
गप्प असतील ते बघा, सिस्टर पर्पेत सांगत होती,
आणि टिपर लागला. खाणीचा टिपर, लाल धुळीतली माणसं,
धूळ कुठली आणि रक्त कुठलं
ते पाणी मारल्यावर कळलं.
मागून मासळीची रिक्षा. मागून एक दरवाजा, चौघांच्या खांद्यावर.

डॉक्टर फ्रेडा दारातच उभ्या.
लाल. लाल. हिरवी. पिवळी. लाल.
मी त्यांच्या मागे, नाव लिहीत.
नाव नसेल तर अनोळखी पुरुष एक, दोन,
निळा शर्ट, डाव्या कानात बाळी.
मग त्या म्हणाल्या, काळी.
मी गठ्ठ्यातली वरची उचलली.
पुसूनही न पुसलेली:
शालन वेर्लेकर, वय ४६.

उलटी केली. कोऱ्या बाजूला लिहिलं,
अनोळखी पुरुष पाच, अंदाजे साठ,
पावलांना पोफळ चढायच्या दोरीचे घट्टे.
खुशालीनं त्याला त्याच व्हरांड्यात ठेवलं.

सहा लाल अजून दारात होते.
त्याला डॉक्टर देणं चूक होतं, मला माहीत होतं.
मी माझं टेबल ओढलं, दारापासून चार हात मागे,
व्हरांड्याच्या तोंडाशी.
उजव्या हातानं लिहीत राहिले.
डावा त्याच्या खांद्यावर.
माशी आली. हाकलली.
आली. हाकलली.
सव्वासातला हाकलायचं कारण उरलं नाही.
तरी हाकलली.

रात्री पोदेर दोन पाट्या पाव ठेवून गेला,
पैशांचं उद्या बघू म्हणाला.
नंतर पुतण्या आला. नाव सांगितलं: पुनो गावकर.
मी अनोळखी खोडलं. या वेळी नीट खोडलं.

बैठकीचं इतिवृत्त मीच टाइप केलं.
चाव्या दोन असाव्यात.
वारलेल्यांचे नंबर यादीतून काढावेत.
वापरलेल्या पट्ट्या पुन्हा वापरू नयेत.
काळ्या पट्टीजवळ एक खुर्ची.

कशाला? डॉक्टर फ्रेडांनी विचारलं.
बसायला, म्हटलं.
त्यांनी पेन मागितलं.